फुसक्या काडतुसाची साधना

कोणतीही वस्तू ज्या कामासाठी जन्माला आली ते काम तिने केले नाही, तर ग्राहक ती दुकानदाराच्या गल्ल्यावर आपटून पैसे परत मागतो. काडतुसांच्या कुळात मात्र एक शाखा अशी आहे की, ते काम जन्मात एकदाही न करणे हीच तिची पात्रता मानली जाते, आणि तिच्या नावाखाली शिरलेल्या एखाद्या सदस्याने ते चुकून केलेच, तर तक्रार घेऊन दुकानात जाण्याच्या स्थितीत ग्राहक उरेलच याची खात्री देता येत नाही. ही शाखा म्हणजे स्नॅप कॅप आणि डमी राउंड. खऱ्या काडतुसाचे चार भाग असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या रसायनाची इवलीशी वाटी, पुंगळीत भरलेली दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की फायरिंग पिन नावाची कील टोपीवर आपटते, टोपी दारू पेटवते, आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे. स्नॅप कॅपचा बाह्याकार हुबेहूब काडतुसाचा असतो, परंतु तिच्यात दारू नसते आणि टोपीच्या जागी स्प्रिंगचा आधार असलेली किंवा रबराची एक गादी असते, जी पिनेचा घाव निमूटपणे सोसते. डमी राउंड त्याहूनही विरक्त असतो. त्याने मॅगझिनमध्ये शिरावे, तेथून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस जेथे उडते त्या कोठीत जावे आणि पुन्हा बाहेर पडावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते आणि घाव सोसण्याची जबाबदारी त्याने कधीच घेतलेली नसते. हा भेद उत्पादक वेष्टनावर बारीक अक्षरांत छापतात, दुकानदार विसरतात, आणि ग्राहकाला तो डमी पुरती ठेचली गेल्यावर समजतो.

या वस्तू ज्या उपक्रमात लागतात त्याला नेमबाज ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे कोरडा सराव, म्हणतात. पिस्तूल रिकामे करावे, नेम धरावा, श्वास आवरावा, चाप हळूहळू ओढत न्यावा आणि अखेरीस काहीही होऊ नये, असा त्याचा विधी आहे. आणि हे काहीही न होणे एकदा साधले म्हणून भागत नाही, ते रोज, न कंटाळता, शक्यतो आदल्या दिवशीपेक्षा अधिक सफाईने घडवून आणावे लागते. एनसीसीच्या शिबिरात उन्हात पालथे पडून ज्यांनी .२२ रायफलीचा रिकामा चाप ओढला आहे आणि ‘निरीक्षण के लिए, जाँच शस्त्र’ या आदेशावर रिकामे चेंबर दाखवले आहे, अशा मराठी वाचकांची संख्या थोडी नाही. त्यांना या साधनेची तोंडओळख आहे, फक्त त्या वेळी ती साधना आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि तिच्यानंतर मिळणाऱ्या नाश्त्याकडे त्यांचे लक्ष अधिक होते.

पिस्तुलाच्या क्रीडाप्रकारांत या सरावाला जे महत्त्व आले आहे त्याचे कारण नियमांतच सापडते. १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा साडेअकरा मिलिमीटर असतो आणि २५ मीटरच्या अचूकतेच्या फेरीत तो ५० मिलिमीटर असतो; पिस्तूल एकाच हातात, कोणत्याही आधाराविना धरावे लागते; चाप किमान किती वजनाला सुटावा हेही ठरलेले असून एअर पिस्तुलासाठी ते ५०० ग्रॅम आणि २५ मीटरच्या पिस्तुलासाठी १००० ग्रॅम आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेच यांनी दुसरा हात खिशात घालून मिश्र सांघिक रौप्यपदक मिळवले, तेव्हा अर्ध्या जगाला तो बेफिकिरीचा आविष्कार वाटला. प्रत्यक्षात त्या हाताला स्पर्धेत काहीच काम नसल्यामुळे तो कोठेतरी स्थिर ठेवणे एवढाच त्यामागे हेतू असतो, आणि तुर्कस्तानातच नव्हे, तर वरळीच्या आणि बालेवाडीच्या रेंजवरही असे अनेक बेकार हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेले रोज दिसतात. किलोभराचा चाप तर्जनीच्या एका पेराने ओढत असताना उरलेल्या हाताला त्याची खबर लागू द्यायची नाही, ही या खेळाची खरी अट आहे. ती गोळ्या उडवून शिकता येत नाही असे नाही, पण महाग पडते, आणि प्रत्येक वेळी झालेल्या आवाजात शिकवण ऐकू येत नाही.

कोल्हापूर, पुणे, मुंबई येथील नेमबाजांच्या घरी म्हणून एक दृश्य नित्याचे असते. घरातील एक तरुण व्यक्ती कोऱ्या भिंतीसमोर काटकोनात उभी राहून, हात लांब करून, तासन्‌तास त्या भिंतीवर पिस्तूल रोखून असते. भिंतीवर लक्ष्य नसते, कारण ते मुद्दामच लावलेले नसते. लक्ष्य दिसले की डोळा त्याच्याकडे धावतो आणि पिस्तुलाच्या नळीच्या टोकावरील माशी, म्हणजे नेम जुळवण्याचा पुढचा उंचवटा, अस्पष्ट होते. कोऱ्या भिंतीवर डोळ्याला पाहण्याजोगे काहीच नसल्यामुळे तो नाइलाजाने माशीकडे पाहतो, असे यामागील मानसशास्त्र आहे. कुटुंबातील ज्येष्ठांना हे पटण्यास वेळ लागतो. पाहुण्यांना ते समजावून सांगताना, भिंतीने काही केलेले नाही, मुलीची प्रकृती उत्तम आहे आणि अभ्यासही चालू आहे, अशा क्रमाने खुलासे करावे लागतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांग येथे २५ मीटर पिस्तूल प्रकारात शूट-ऑफपर्यंत गेलेल्या लढतीतून सुवर्णपदक आणल्यानंतर निदान त्या शहरात तरी कोऱ्या भिंतीला काही प्रतिष्ठा आली असावी.

आता प्रश्न असा की, पिस्तूल रिकामे करून चाप ओढायचा असेल, तर मध्ये या नकली काडतुसाची गरज काय? जुन्या पिढीतील बंदूकधाऱ्यांचा एक सिद्धान्त होता की, रिकाम्या हत्याराचा चाप कधीही ओढू नये, आणि तो अगदी निराधार नव्हता. जुन्या दुनळी बंदुकांच्या पिना समोर टोपीचा मऊ अडथळा न मिळाल्यास तुटत असत. आधुनिक सेंटरफायर पिस्तुलांत, म्हणजे ज्यांच्या काडतुसाची टोपी बुडाच्या मध्यभागी असते त्यांत, पिनेसमोर मोकळी जागा असते आणि धोका पुष्कळ कमी असतो. ग्लॉक जातीचे पिस्तूल तर साफसफाईसाठी उघडायचे असेल तेव्हा चाप ओढल्याशिवाय उघडतच नाही, त्यामुळे त्याच्या मालकाला जुना सिद्धान्त पाळून पिस्तूल स्वच्छ ठेवण्याची सोयच उरलेली नाही. .२२ ची गोष्ट निराळी आहे. हे काडतूस रिमफायर, म्हणजे काठ-पेटे असते. त्याला वेगळी टोपी नसून पेटणारे रसायन बुडाच्या कडेच्या घडीत भरलेले असते आणि पीन त्या कडेवर आपटते. चेंबर रिकामे असेल, तर काही पिस्तुलांत ही पीन चेंबरच्याच काठावर घाव घालते, तेथे खळगा पडतो आणि पुढे खरी पुंगळी बाहेर निघताना अडखळते. रुगरसारखे काही उत्पादक आपल्या .२२ पिस्तुलात पिनेला वेळीच अडवणारी आडवी कील बसवून कोरड्या सरावाची मुभा देतात. ती कील साफसफाईनंतर पुन्हा बसवण्यास विसरलेल्या मालकांची स्वतंत्र गणना अद्याप कोणी केलेली नाही. एअर पिस्तुलात हा प्रश्नच उद्‌भवत नाही, कारण त्यात काडतूस नसते आणि स्पर्धेच्या बहुतेक पिस्तुलांत हवा न सोडता केवळ चाप सुटण्याची सोय कारखान्यातच केलेली असते. फुसक्या काडतुसाचे उमेदवार म्हणून भारतात उरतात ते .२२ चे आणि .३२ सेंटरफायरचे स्पर्धक, आणि या दुसऱ्या प्रकाराला ऑलिंपिकमध्ये जागा नसली, तरी जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा येथील आशियाई स्पर्धेत त्यातच सुवर्णपदक मिळवले होते.

फुसक्या काडतुसाचा खरा बाजार अमेरिकेत आहे, कारण तेथे पिस्तूल घरोघरी आहे आणि गॅरेजही घरोघरी आहे. त्या बाजारात ही काडतुसे लाल, नारिंगी, निळ्या अशा रंगांत, पारदर्शक प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची मिळतात आणि त्यांतील एकेकाची किंमत कित्येक खऱ्या काडतुसांच्या बेरजेइतकी असते. न उडण्यासाठी उडण्यापेक्षा अधिक पैसे मोजावे लागावेत, हे प्रथमदर्शनी अन्यायाचे वाटते. परंतु खरे काडतूस एकदाच उडते आणि खोटे हजार वेळा उडत नाही, असा हिशेब मांडला की ते स्वस्त ठरते. तरीही .२२ च्या धारकांना ते परवडेनासे झाले, कारण त्या मापाची डमी चार-दोन घावांतच कडेला चेपते. तेव्हा तेथील चिकित्सक मंडळींनी असा शोध लावला की, भिंतीत स्क्रू पक्का बसावा म्हणून भोकात ठोकतात तो पिवळा प्लॅस्टिकचा गट्टू, चार ते सहा क्रमांकाच्या स्क्रूचा आणि पाऊण इंचाहून किंचित लांब, .२२ च्या चेंबरमध्ये नेमका मावतो, त्याचे बूड काठाच्या जागी अचूक बसते, आणि दर घावानंतर तो बोटाने जरा फिरवला की पिनेला कोरी जागा मिळते. शेकड्याने मिळणारा हा गट्टू हार्डवेअरच्या दुकानातील एकमेव माल असावा, जो भिंतीत जाण्याऐवजी भिंतीवर रोखला जातो.

या साधनांचे सर्वांत मोलाचे कार्य मात्र घरी नव्हे, तर रेंजवर घडते, आणि त्यासाठी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. नेमबाजाची गोळी लक्ष्याच्या खाली लागली की दोष कोणाचा, या प्रश्नावर नेमबाजांनी जेवढे चिंतन केले आहे तेवढे नेमावरही केले नसावे. प्रथम पिस्तुलाच्या माशीवर संशय घेतला जातो. नंतर मुठीचे लाकूड तळहाताला नीट बसत नाही असे आढळते. मग या खेपेच्या काडतुसांत दारू कमी भरली असल्याची शंका येते. त्यानंतर प्रकाश, वारा, शेजारच्या लेनमधील माणसाचा खोकला आणि सकाळचा चहा यांचा क्रमाने विचार होतो, आणि हा क्रम संपेपर्यंत रेंज बंद होण्याची वेळ झालेली असते. प्रशिक्षक अशा वेळी वाद घालत नाहीत. ते नेमबाजाचे मॅगझिन मागून घेतात, पाठ फिरवून त्यात खऱ्या काडतुसांमध्ये एखादे डमी मिसळतात आणि मॅगझिन परत देतात. डमी कितवे आहे हे नेमबाजाला ठाऊक नसते. एक, दोन, तीन गोळ्या नेहमीप्रमाणे सुटतात, आणि चौथ्या वेळी चाप ओढल्यावर आवाज होत नाही, धक्का बसत नाही, धूर निघत नाही, फक्त पिस्तुलाने सर्वांसमक्ष मान खाली घातलेली दिसते.

घडते ते असे. गोळी सुटताना हाताला मागे आणि वर असा धक्का बसणार, हे शरीराला अनुभवाने कळलेले असते आणि ते अतिदक्ष कारकुनाच्या तत्परतेने तो धक्का येण्यापूर्वीच त्याचा बंदोबस्त करू लागते. मनगट पुढे दाबले जाते, डोळे मिटतात, सगळी बोटे एकदम आवळतात. हे सारे गोळी सुटण्याच्या आधीच्या क्षणांशात होते. खरी गोळी सुटली की तिच्या धक्क्यात हा बंदोबस्त झाकला जातो आणि पिस्तूल वरच उडालेले दिसते. म्हणून नेमबाज शपथेवर सांगू शकतो की आपला हात हलला नाही, आणि ती शपथ त्याच्या समजुतीपुरती खरीही असते. डमीने मात्र धक्का दिलेला नसतो, त्यामुळे बंदोबस्त एकटाच, उघड्यावर, कोणत्याही शत्रूविना उभा राहतो. दचकण्याच्या या सवयीला इंग्रजी प्रशिक्षणग्रंथांत भारी संज्ञा आहेत. मराठीत ‘दचक’ पुरे आहे. प्रशिक्षक या क्षणी काहीच बोलत नाहीत, ही त्यांच्या व्यवसायातील मोठी सभ्यता होय. नेमबाज प्रथम पिस्तुलाकडे पाहतो, मग छताकडे पाहतो, मग ‘ट्रिगर जरा अडला’ असे म्हणतो, आणि दुसऱ्या डमीनंतर तेही म्हणत नाही. आजवर ज्या काडतुसांनी भरपूर आवाज केला त्यांतील एकानेही त्याला हे सांगितले नव्हते. ते सांगण्यासाठी मुकेच काडतूस लागले.

उपाय पुन्हा कोरड्या सरावाचाच असतो, कारण धक्का येतच नाही अशा शंभर-दोनशे वेळांनंतर शरीराची बंदोबस्ताची हौस कमी होते. कोणी पिस्तुलाच्या सपाट पाठीवर, माशीच्या मागे, एक नाणे ठेवून ते न पडता चाप ओढण्याचा अभ्यास करतात. एक रुपयाच्या नाण्याला हल्ली उरलेल्या मोजक्या कामांपैकी हे एक आहे. ज्यांच्याकडे अधिक पैसे आहेत ते नळीवर स्कॅट नावाचे रशियन उपकरण लावतात, जे नेमाचा मार्ग संगणकाच्या पडद्यावर रेषेने काढून दाखवते. ‘अगदी स्थिर’ धरलेल्या हाताने प्रत्यक्षात पडद्यावर केवढे गुंतवळ काढून ठेवले आहे हे पाहिल्यावर आणखी पैसे कशावर खर्च करावेत याचा निर्णय लवकर होतो.

स्वयंभर पिस्तुलांच्या धारकाला मात्र एक शारीरिक शिक्षा अधिक भोगावी लागते. या जातीच्या अनेक पिस्तुलांत एकदा चाप सुटला की तो पुन्हा सज्ज करण्यासाठी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचावा लागतो, आणि तसे करताच स्नॅप कॅप आपले कर्तव्य संपले असे समजून उजव्या बाजूला झेपावते. ती गालिच्यावर पडत नाही. ती दिवाणाखाली, कपाटामागे किंवा देवघराच्या चौरंगाखाली जाते. चाप ओढणे, स्लाइड खेचणे, गुडघ्यांवर येणे, हात घालणे आणि धूळ झटकत उठणे असा व्यायाम पुरता झाल्यावर नेमबाजीत प्रगती झाली नाही, तरी कमरेत होते आणि घरातील केरसुणीचे काम हलके होते. अनुभवी लोक स्लाइड जेमतेम अर्धा इंच खेचून कॅप बाहेर न पडू देता चाप सज्ज करतात. नवशिक्यांना हे कोणी आधी सांगत नाही, बहुधा करमणुकीसाठी.

फुसक्या काडतुसाला प्रवास मानवत नाही, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे. ज्या वस्तूने आयुष्यात कोणाला घाबरवले नाही ती विमानतळाच्या एक्स-रे यंत्रात शिरली की पडद्यावर तिचा आकार तेवढा दिसतो, चारित्र्य दिसत नाही. आणि ‘हे उडत नाही’ हे वाक्य सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या कानी जगातील प्रत्येक उडणाऱ्या वस्तूच्या मालकाकडून याआधी पडलेले असते. लष्करातील कवायतीची डमी काडतुसे म्हणून पूर्वीपासून भोके पाडून किंवा अंगावर खाचा काढून बनवली जातात, म्हणजे अंधारातही बोटाला फरक कळावा. रंगीत प्लॅस्टिक हा त्याचाच नागरी अवतार आहे. घरगुती कारागिरीने खरी पुंगळी, खरी गोळी आणि वापरलेली टोपी जोडून बनवलेली डमी मात्र पितळेची, चकचकीत आणि खऱ्यासारखीच दिसते, आणि कोरड्या सरावाच्या वाङ्मयातील सर्वांत ओल्या प्रसंगांची सुरुवात तिच्यापासून होते.

अमेरिकेत या प्रसंगांचा एक ठरीव नमुना झाला आहे. मनुष्य पिस्तूल रिकामे करतो, दूरदर्शन संचातील खलनायकावर नेम धरून निष्ठेने सराव करतो, सराव संपवतो, पिस्तूल खऱ्या काडतुसांनी भरून ठेवतो, मालिकेत खलनायक पुन्हा येतो, आणि मनुष्याच्या मनात ‘आणखी एकदाच’ हा विचार येतो. खलनायक पुढील भागात सुखरूप असतो, संच नसतो. या नमुन्यात हसण्याजोगे आहे ते संच गेला म्हणूनच. पडद्यामागची भिंत विटांची नसून पातळ फळ्यांची असेल आणि तिच्यापलीकडे कोणी झोपलेले असेल, तर त्यावर विनोदी लेख लिहिता येत नाही. म्हणून या एका बाबतीत विनोदाला रजा देऊन जुनी कर्मठ शिस्तच उत्तम मानावी लागते. सरावाच्या खोलीत खरे काडतूस एकही नसावे; मॅगझिन काढून चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे; डमी रंगीतच असावी आणि ती भरण्यापूर्वी एकेक हातात घेऊन पाहावी; नेम गोळी अडवू शकेल अशा भिंतीवरच धरावा; आणि सराव संपला की ‘सराव संपला’ असे मोठ्याने, स्वतःच्या कानाला ऐकू जाईल असे म्हणावे. शेजारी हसले तर हसू द्यावे.

ज्या वाचकांकडे परवान्याचे पिस्तूल आणि सरावाची जिद्द दोन्ही असतील, त्यांना एवढीच विनंती की, खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून किल्ली घरातील सर्वांत कमी क्रीडाप्रेमी व्यक्तीच्या स्वाधीन करावी, आणि सराव संपल्यानंतर ‘आणखी एकदाच’ असे मनात आलेच, तर तो एकदाचा सराव उद्यावर ढकलून पिस्तूल कपाटात ठेवून द्यावे.